बासष्ट वेळा सुरू केलेला संगणक

गुरुजी, या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: न्यायशास्त्रावरचा जो टीकाग्रंथ आपण अपुरा ठेवून गेलात, तो आता जगात कुठेही उरलेला नाही. आपल्याला जाऊन बत्तीस वर्षे झाली, तेव्हा या विधानावर आपला आक्षेप येणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही कारणे क्रमाने देते. प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, मांडून त्याचा हेतू न देणाऱ्याला आपण वर्गाच्या दाराबाहेर उभे करत होतात आणि त्या दाराबाहेर मी पुरेशी उभी राहिले आहे.

शेवटच्या आजारपणात आपण सात वह्या माझ्या हाती दिल्यात. म्हणालात, पुरी करण्याची घाई नको, आधी नीट उतरवून घे. ते उतरवणे मी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर हाती घेतले. संगणक घेतला, देवनागरी टंकन शिकले आणि चार वर्षांत सातही वह्या त्यात उतरवल्या. धाकटी बहीण आता माझ्याकडेच राहते; ती वहीतून मोठ्याने वाची आणि मी पडद्यावर ताडून पाही. असे दोनदा केले. तोवर वह्यांना कसर लागून पाने बोटांत तुटू लागली होती. जीर्ण पोथी पाण्यात सोडावी ही रीत आपल्याच घरी पाहिलेली. म्हणून वह्या रेशमी फडक्यात बांधून पुलावर गेले, तर तिथल्या सफाई कर्मचारी बाईंनी हात आडवा घातला. "आजी, नदीत काही टाकायचं नाही. कलशात टाका." आपला न्यायशास्त्रावरचा आयुष्यभराचा विचार मी महापालिकेच्या निर्माल्य कलशात, झेंडूच्या सडक्या माळांवर ठेवून आले.

त्याच आठवड्यात बहीण म्हणाली होती की एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेव. मी नाही म्हटले. दोन प्रती झाल्या की एकीत दुरुस्ती होते, दुसरीत राहून जाते, आणि पाठभेद सुरू होतात. जुन्या पोथ्यांचे पाठभेद जुळवण्यात मी अर्धी नोकरी घालवली आहे. आपल्या ग्रंथाच्या वाट्याला ते येऊ द्यायचे नव्हते. "ताई," ती म्हणाली, "पेनड्राइव्ह कुणाशी वाद घालत नाही." मी विषय बंद केला.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी संगणक सुरू होता होता थांबला. निळा पडदा, त्यावर आडवे रडवे तोंड आणि इंग्रजीत एक वाक्य: अडचण आली आहे, पुन्हा सुरू करावे लागेल. खाली आकड्यांचा एक संकेत. तो पुन्हा सुरू होई, पुन्हा त्याच जागी कोसळे. दुसरे कुणी असते तर दुकान गाठले असते. मला मात्र आपले स्वयंपाकघर आठवले. सदाशिव पेठेतली ती अरुंद खोली, वातींचा स्टोव्ह काजळी धरतो आहे, चहाचे आधण तसेच पडले आहे, आणि मी एकोणीस वर्षांची, चटकन म्हणते की वाती जळल्या असतील. आपण माझ्याकडे न बघता म्हणता, "अनुमान कर म्हटलं होतं. अंदाज नव्हे." मग आधी रॉकेल बदलून, मग एकेक वात कापून, दरवेळी स्टोव्ह पेटवून, विझवून, पुन्हा पेटवून पाहायला लावलेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एकदा दिसले म्हणून मानायचे नाही. चहा दीड तासाने मिळाला. तसा चहा पुढे कुणी दिला नाही.

मी तेच केले. प्रिंटर काढून पाच वेळा सुरू केला. माउस काढून पाच वेळा. झाकण उघडून स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्यांपैकी एक काढली, मग ती लावून दुसरी. दोन्हींचे दात खोडरबराने पुसले. प्रत्येक वेळचा निकाल डायरीत लिहिला. पहिल्याच दिवशी बहीण दारात उभी राहून म्हणाली, "ताई, आत काहीतरी टकटकतंय." मी ते डायरीत नोंदवले आणि पुढे शेरा लिहिला: कुंभाराचे गाढव. माती गाढवावरून येते, घडा घडताना ते जवळच उभे असते, पण घड्याचे ते कारण नव्हे, हे आपण आम्हाला कितीदा हसवून शिकवले होते. बाराव्या दिवशी टकटक थांबली. मला वाटले, सुधारणा होते आहे.

पण त्यानंतर निळा पडदाही येईना, तेव्हा कुठे टिळक रस्त्यामागच्या गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. मालक चाळिशीचे, यवतमाळकडून येऊन इथे स्थिरावलेले. त्यांनी संगणकाला वीज लावलीच नाही. आधी विचारले की आवाज येत होता का आणि कधीपासून. पहिल्या दिवसापासून, मी सांगितले. "अन् त्याच्यानंतर किती डाव चालू केला, मावशी?" मी डायरी पुढे केली. बासष्ट. त्यांनी पाने उलटली, सावकाश, वाचत. आदराने वाचली असे मला वाटले. ते अधिकच वाईट होते. "एवढं सारं लिहून ठेवलं," ते म्हणाले, "मंग बंद काहून नाही ठेवला?" मग त्यांनी समजावले. माहिती साठवणारी तबकडी आत गरगर फिरते, तिच्यावरून वाचणारी सुई निखळत चालली होती, आणि दर वेळी सुरू करताना ती तबकडी खरवडत होती. पहिल्या दिवशी आणला असता तर बहुतेक सगळे निघाले असते. तबकडी त्यांनी मुंबईच्या एका प्रयोगशाळेला पाठवली. तीन आठवड्यांनी ती परत आली, सोबत एका ओळीची चिठ्ठी: वाचण्याजोगा पृष्ठभाग शिल्लक नाही. प्रतिज्ञा सिद्ध झाली.

टकटकीला गाढव म्हणणे ही अनुमानातली चूक होती, आणि अनुमानातल्या चुकीची शिक्षा आपण कधी दाराबाहेर उभे करण्यापलीकडे केली नाहीत. ती मी भोगते आहे. पण गेले दोन महिने मी कागद घेऊन बसते आणि आठवेल तेवढे लिहून काढू पाहते. परिच्छेदच्या परिच्छेद येतात. वाचून पाहिले की ते माझ्या व्याख्यानांतले निघतात. आपले म्हणून खात्रीने, शब्दशः, एकच वाक्य आठवते. पाचव्या वहीत, संशयाच्या प्रकरणाच्या शेवटी, आपण लिहिले होते: "येथे माझा निर्णय होत नाही." ते वाचून दाखवल्यावर बहीण पडद्याकडे डोकावली होती आणि मग माझ्याकडे पाहत राहिली होती, कारण पडद्यावर ते नव्हते. मी तिला पुढे वाच म्हटले.

हे पत्र कुणाला द्यायचे नाही, म्हणून इथे लिहून सही करते. ते वाक्य मी खूण न करता गाळले आणि त्या जागी माझा निर्णय आपल्या नावावर घातला. ही माझी चूक.

आपली विद्यार्थिनी
पुणे