नाव न घेणाऱ्यांचं इंग्रजी

बियानीबाजार, जि. सिलेट, बांगलादेश, शुक्रवार

निखिलदा,

आदाब. तुमच्या गुडघ्यांना वेगळा सलाम. ते अजून तुम्हाला वरच्या मजल्यावर नेतात असं कळलं. वहिनींना सांगा, इकडे सगळे बरे आहेत. (सगळे म्हणजे मी आणि ही. शेळी आजारी आहे.)

मी पुन्हा शिकवतोय. दुपारी आमच्या ओसरीवर गावातल्या सुना येऊन बसतात. नवरे विलायतेत, आणि इंग्रजीची तोंडी परीक्षा दिल्याशिवाय यांना तिकडे जाता येत नाही. समबडी, एव्हरीबडी, नोबडी शिकवताना आपले हेडमास्तर करुणामयबाबू आठवतात. एव्हरीबडी म्हणजे सगळे, मग क्रियापद एकाचं का? हेडमास्तर सांगायचे, पुराच्या दिवसांत आख्खी शाळा एकाच नावेतून घरी जाते. बुडाली तर सगळे मिळून एकदाच बुडतील. (आपण मागच्या टोकाला पाण्यात पाय सोडून बसायचो. आता तिथे डांबरी रस्ता आहे.) आणि समबडी? त्यांच्या झाडाचे पेरू आपण दोघांनी खाल्ले, तरी फळ्यावर चोर एकवचनी. सापडेपर्यंत चोर एकच असतो, म्हणाले. मी तेच उदाहरण देतो. सुना हसतात, आणि मला उगाच ते पेरू हवेसे वाटतात.

यांच्यात जोबेदा सगळ्यांत हुशार. समबडी ओल्डहॅममध्ये राहतो, समबडी हॉटेलात काम करतो, समबडीला खोकला आहे. एक क्रियापद चुकत नाही. मी तिचं उदाहरण इतरांना देत होतो. मग ती सिलेटला परीक्षेला गेली. तिथल्या बाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं. ही म्हणाली, समबडी. बाईंनी विचारलं, कोण समबडी? ही म्हणाली, एव्हरीबडी नोज. (व्याकरण बिनचूक.) पुढे गप्प. नापास.

मी समजावलं, नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होत नाही, इंग्रजीत तर नाहीच. ती म्हणाली, "सर, इंग्रजीत नसेल होत. पण ते आपल्याकडचेच आहेत ना." ईदनंतर पुन्हा परीक्षा आहे. या वेळीही नापास झाली तर तिचा चुलतसासरा पुतण्यासाठी तिकडचीच मुलगी बघणार, असं तो चहाच्या दुकानात सांगत फिरतोय.

तब्येतीला जपा.

तुमचा,
अब्दुल मतलिब

ता. क. पत्राचं कारण हे. तिकडे ओल्डहॅममध्ये तुमच्या गल्लीच्या टोकाला जे हॉटेल आहे, तिथे मुहिबुर नावाचा मुलगा कांदे चिरतो. तोच तिचा नवरा. त्याला सांगा, तिला फोन करून 'माझं नाव घे' म्हण. माझं ती ऐकत नाही, त्याचं ऐकेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी हिला पत्र वाचून दाखवलं. जोबेदा समोरच होती. ही म्हणाली, त्यात काय एवढं. जोबेदा म्हणाली, "मग चाची, तुम्ही घेऊन दाखवा." हिने तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग हजेरी घेतल्यासारखं म्हणाली, "अब्दुल मतलिब." निखिलदा, मी उठून उभा राहिलो आणि हजर म्हणालो.

मग जोबेदानेही घेतलं, पण भिंतीकडे तोंड करून. परीक्षेत भिंतीकडे वळू देणार नाहीत, तेव्हा फोन हवाच.

ती गेल्यावर मी हिला म्हटलं, अजून एकदा घे. ही म्हणाली, परीक्षा तिची आहे.