उजेडाचे तांदूळ

२२ नोव्हेंबर २००७, गुरुवार

ही वही आज फुकट मिळाली. पिशवी, वही, टोपी आणि पेनं – पेनं मी नऊ आणली, प्रत्येक टेबलावर ठेवलेलीच होती. चौथीत शाळा सुटली त्यानंतर एवढा गुळगुळीत कागद हाताखाली पहिल्यांदाच. म्हणून लिहितेय. कोणी वाचायचं नाही.

गोरेगावला कॉन्फरन्स होती, जाहिरातवाल्यांची. नात संचिता घराजवळच हाटकेशला जितेशभाईंच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिथून टेम्पोत सामान भरलं आणि निघालो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. सुलू, माझी सून, म्हणाली, "आई, तिथे तुमचं काय काम?" काम काही नाही, बघायचं होतं! चार महिने पोरगी जेवताना ताटावर हात थांबवून कुठेतरी बघत बसते. काय बघते ते कळायला नको?

गळ्यात दोरी घातली, दोरीला कार्ड, कार्डावर माझं नाव. मतदानाच्या यादीतसुद्धा इतकं ठळक नसतं.

तर तिचं काम असं. वर एक मशीन टांगलेलं. ते खाली पांढऱ्या फरशीवर चित्र पाडतं. चित्र कसलं, तर तांदळाचं. हाताला काही लागत नाही, नुसता उजेड. पण वर पाय टाकला की दाणे उडतात आणि खालून तांदळाच्या कंपनीचं नाव निघतं. मशीनला डोळा आहे, त्याला पाय समजतो, किती जण आले तेही मोजतो. मी वाकून बघितलं – एक दाणा तुटका होता, एकाला टोकाला तूस. एवढं खरं! माझ्या नातीने केलेलं.

तांदळाच्या कंपनीचे साहेब उद्या बघायला येणार. त्यांनी घेतलं तर संचिताची नोकरी राहील. नाही तर हे फरशीचं काम बंद आणि तीही घरी. जितेशभाईंनी तिला तोंडावर सांगितलंय.

एक गोष्ट झाली आज. लिहू की नको.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहिते.

काल संचिता मागे वायरी बघत होती. मी फरशीच्या कडेला खुर्चीवर. उंच टाचांची एक बाई आली, पाय उचलला, आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो ताई, तांदूळ आहेत ते." बाई थबकली. खाली बघितलं, हसली, कडेकडेने निघून गेली. मग एक टायवाला. त्याचा पाय पडणार तेवढ्यात मी त्याचं कोपर धरलं – "बेटा, चावल है." तो म्हणाला, "सॉरी आंटी." वाकला, फरशीच्या कडेला हात लावला आणि कपाळाला लावला. उजेडाला नमस्कार! मग मी थांबलेच नाही. असे किती जण, देव जाणे. आजही तेच. मला ठाऊक होतं उजेड आहे तो. आंधळी नाही मी. पण तांदळावर पाय द्यायला निघालेलं माणूस समोर दिसलं की हात आपोआप पुढे जातो.

दुपारी साहेब आले. मशीनने दोन दिवसांत मोजलेली माणसं – सोळा. पलीकडे मोटारींचा खेळ होता, तिथे रांग. साहेबांनी घड्याळ बघितलं. "रिस्पॉन्स नहीं है," म्हणाले आणि गेले.

जितेशभाई संचिताला म्हणाले, "फेब्रुवारीमां अंधेरीला अजून एक कॉन्फरन्स आहे. ते शेवटचं." माझ्याकडे वळून, "बा, तमे थाकी गया हशे. पाणी पियो." किती चांगला माणूस. मी ग्लास तसाच खुर्चीखाली ठेवला.

येताना टेम्पोत काशीमिऱ्यापर्यंत मी मांडीवर नऊ पेनं धरून बसले.

२४ नोव्हेंबर

सांगायला गेले. ती कॉम्प्युटरसमोर बसली होती, मला बघून पडदा बंद केला. सांगितलं नाही.

२ डिसेंबर, रविवार

सकाळी बाजारात वांगी चांगली मिळाली. भाजीवाला भैया म्हणतो, "माताजी, आजकल गले में कार्ड नहीं?" मी एकदा घालून गेले होते, तेव्हापासून चिडवतो.

दुपारी तांदूळ पाखडत होते. संचिता सुपाशी येऊन बसली.

"आजी, पाय कशात घालायला आवडेल तुला?"

"हा काय प्रश्न?"

"सांग ना."

मी म्हटलं, चिखलात. आमच्या महाडकडे लावणीला उतरलं की पहिला पाय गार जातो, मग खालून ऊब येते. बोटांच्या मधून चिखल वर येतो तेव्हा हसूच येतं बघ. लग्नाला सहा महिने झाले होते, सासू बांधावर उभी, आणि मी एकटीच हसतेय!

"मग तेव्हा भातावर पाय पडतो तो चालतो?"

"दाणा झाला की पाय नाही. त्याच्या आधी सगळं पायांनीच तर होतं."

"लावताना पुढे जायचं?"

"मागे मागे यायचं. पुढे गेलीस तर आपलीच रोपं तुडवशील."

तिने सगळं हातावर लिहून घेतलं. मनगटापर्यंत. वाटलं, आत्ता सांगावं. पण ती इतकी खुशीत उठली की राहिलंच. तांदळात खडे तसेच राहिले, संध्याकाळी सुलूच्या दाताखाली आला एक.

१० जानेवारी २००८

हाटकेशला गेले. घमेल्यात चिखल कालवून माझ्या पायांचं शूटिंग केलं. जितेशभाई पांढऱ्या पँटीत, लांबून – "धीमे बा, धीमे." मी मुद्दाम एकदा जोरात पाय आपटला. पँट गेली. सगळे हसले, तेही हसले.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

अंधेरीला मोठं हॉटेल. आधी भाषणं. खुर्च्यांना कपडे शिवलेले. इंग्रजी मला येत नाही, पण पडद्यावर चित्रं असतात, आणि संचिता कानात सांगते. एक जण म्हणाला, पूर्वी जाहिरात बोलायची आणि लोक ऐकायचे, आता लोक बोलतील आणि जाहिरात ऐकेल. ह्यालाच इंटरॅक्टिव्ह म्हणतात. चांगलं आहे. शशिकांतला, माझ्या लेकाला, सांगायला हवं. बायको बोलते तेव्हा तो पेपर वाचतो.

एकाला विचारायचं होतं की लोक काही बोललेच नाहीत, नुसते कडेने निघून गेले, तर ते ऐकायला येतं का. हात वर करणार होते. संचिताने हात धरला आणि विचित्र हसली.

मग फरशी. तांदूळ नाहीत! चिखल. पावसाचं पाणी साचलेलं, त्यात आभाळ. पाय टाकला की गोल लाट उठते. पुढे चाललात तर नुसता चिखल. मागे मागे आलात तर समोर एकेक रोप उभं राहतं, हिरवंगार, आणि शेवटाला लोंबी धरते. खाली घमेल्यातले माझे पाय सुरुवातीला दाखवतात – भेगा पण तशाच ठेवल्यात.

टायवाले, टाचांच्या बाया, सगळे उलटे चालतायत. दोघे पाठीला पाठ आपटले, "सॉरी सॉरी." एका बाईने चपला काढल्या. तांदळाचे साहेब आले, त्यांनी बूट काढले, मोजे काढले. दोनदा मागे आले. मी तोंडाला पदर लावून बसले होते. एक शब्द बोलले नाही कोणाशी.

जाताना साहेब म्हणाले, "सोमवारी कळवतो." माझ्याकडे बघून उगाचच हात जोडले.

१८ फेब्रुवारी, सोमवार

सही झाली. संचिता राहिली कामावर, तिच्या हाताखाली आणखी दोघे देणार. जितेशभाईंनी फाफडा-जिलेबी पाठवली. मी खाल्ली नाही. उद्या पोरीला सगळं सांगायचं. मग खाईन.

१९ फेब्रुवारी

सांगितलं. ताई, टायवाला, कोपर, सगळं. म्हटलं, तुझे तीन महिने मी घालवले.

ती उठली, कॉम्प्युटर लावला. मशीनचा डोळा दिसलेलं सगळं साठवून ठेवतो – हे मला कोणी बोललंच नव्हतं. तिने गोरेगावहून आल्या दिवशीच बघितलं होतं. म्हणून मला पायांचं विचारलं. आणि साहेबांना अंधेरीच्या आधी हेच नेऊन दाखवलं, म्हणून ते परत आले.

वरून मी सुपाएवढी दिसते. पांढरं डोकं आणि एक हात. त्या हातापाशी माणूस थांबतो, वाकतो, कपाळाला हात लावतो. मग दुसरा. मी वहीच्या पुठ्ठ्यावर रेघा मारून मोजले. एकशे बारा.

मशीनने सोळाच मोजले होते. ते फक्त पाय मोजतं.