काठाचा आकडा

८ फेब्रुवारी १९८८
मिळाली एकदाची नोकरी! पंचवटीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर. नांदगावच्या मराठी शाळेतली मी, आता चपला बाहेर काढून गार खोलीत बसणार! काम सोपं आहे. बायकांच्या स्तनाच्या एक्स-रेत गाठ दिसली की टेक्निशियन चिंतामणराव भिंगातून बघून तिचे आकडे कागदावर लिहितात. सगळ्यात महत्त्वाचा काठाचा आकडा: काठ गुळगुळीत असेल तर एक, काटेरी असेल तर नऊ. मी आकडे टाइप करते आणि यंत्र उत्तर छापतं, ‘साधी’ किंवा ‘संशयित’, म्हणजे कॅन्सरची शंका. डॉक्टर उत्तराबाईंनी बजावलं, हात धुतल्याशिवाय यंत्राला शिवायचं नाही. सोवळंच की हे!

१९ मार्च
आज आईला आणलं. गाठ तिने दिवाळीपासून लपवली होती. दुखत नाय तर दाखवू कशाला, म्हणे. यंत्राने सांगितलं, साधी. बाहेर येऊन दोघींनी भेळ खाल्ली आणि मी भररस्त्यात रडले. आई म्हणाली, आता गल्लीतल्या समद्यांना धाडते.

२ जून
आईच्या शब्दावर सहा जणी येऊन गेल्या. सहाही साध्या. उत्तराबाई हल्ली फिल्म बघतसुद्धा नाहीत, चिठ्ठी बघून सही ठोकतात. चिंतामणराव म्हणाले, तुम्ही आल्यापासून संशयित कोणी निघतच नाही, पायगुण चांगला आहे तुमचा. दिवसभर मी हवेत होते.

७ ऑक्टोबर
त्या सहांतली सुलाबाई परत आली. गाठ फुटली आहे. खोलीभर वास. जुना कागद काढला. चिंतामणराव म्हणाले, मी तर नऊ लिहिलाय.
होय. इंग्रजी नऊ. वय आणि केस नंबर खिडकीवरची बाई मराठीत लिहिते, त्याच ओळीत चिंतामणराव काठाचा आकडा इंग्रजीत लिहितात. शेपटीचं ते वळण मी मराठी एक म्हणून वाचलं. त्यांची उभी काडीही एक, नऊही एक. आठ महिने मी सगळ्यांना —

८ ऑक्टोबर
नऊचा एक झालेले एकेचाळीस कागद. त्यात आईचा.
उत्तराबाई म्हणाल्या, पुण्याच्या परिषदेत या यंत्रावरचा माझा निबंध वाचून होईपर्यंत तोंड उघडू नकोस. सह्या कुणाच्या आहेत, हे विचारायची हिंमत झाली नाही. थू माझ्यावर. पत्रं मीच टाकली. चाळीस.

१० ऑक्टोबर
नांदगाव. आई ऐकत नाही. यंत्रात आलंय, तूच वाचून दाखवलंस की, म्हणते. काखेत दुसरी गाठ आहे. मी हाताने चाचपली — दगड —

१ नोव्हेंबर
मुंबई. मोठा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.
केलात.
आई वॉर्डभर सांगत सुटली आहे, माझी पोरगी कॉम्प्युटरवर बघती, तिनं बघितली की गाठ साधीच निघती.

२ नोव्हेंबर
समोरच्या खाटांवरच्या बायका उठल्या आहेत. हातात फिल्मा. हसताहेत. नको — मी नाही — पहिलीने पदर बाजूला — आई हाक मारते आहे, ये गं, हिची पण बघ, हिलाही साधी म्हण —