साहेबांच्या बिंगोची पहिली ओळ

कोरमंगला, बंगळूर

तीर्थस्वरूप प्रमोदिनीआत्यास,

तनयचा साष्टांग नमस्कार (पीजीची खोली एवढीशी आहे की साष्टांग घातला तर पाय रूममेटच्या पलंगाखाली जातात, पण घातला). तुझा गुडघा कसा आहे? नाशिकच्या महिला मंडळाची हौजी अजून तूच पुकारतेस ना? मी इकडे मजेत. मला नोकरीत कायम करायचं की नारळ द्यायचा हे या महिन्यात ठरणार आहे, पण त्याची काळजी तू करू नकोस, मीही करत नाही.

कारण ऐक. परदेशातल्या एका बड्या कंपनीचा साहेब दरवर्षी मंचावर येऊन नवा फोन दाखवतो, आणि आमचं सगळं ऑफिस ते भाषण मोठ्या पडद्यावर सत्यनारायणाच्या पोथीसारखं ऐकतं (प्रसादाला पिझ्झा असतो). यंदा त्यात जान आणायला मी फोनवर खेळायचा बिंगो बनवला. प्रत्येकाला चौकोनांचा वेगळा तक्ता, चौकोनांत अशा भाषणांतले ठरलेले शब्द. शब्द कानावर पडला की त्यावर बोट ठेवायचं, ओळ भरली की सगळ्यांच्या फोनवर सनई! स्वतःच्या तोंडानं सांगतो, फार सुंदर झाला.

आता हौजीचं बाळकडू मला तुझं. पहिली ओळ अध्यक्षीणबाईंनाच लागली पाहिजे आणि ती लावली हे कुणाला कळता कामा नये, हे मी लहानपणी तुझ्या शेजारी बसून शिकलोय. म्हणून आमचे मालक गुरुप्रसादसर यांचा तक्ता मी हातानं भरला. सर दर सोमवारी जे बोलतात ते सगळं त्या परदेशी साहेबाचंच उचललेलं असतं अशी माझी पक्की खात्री, तेव्हा सरांचेच लाडके शब्द टाकले: ‘इकोसिस्टम’, ‘जर्नी’, ‘फॅमिली’ वगैरे. शेवटच्या ओळीत एक चौकोन उरला, तिथे कारागिराची सही म्हणून ‘तनय’.

आत्या, सर स्वयंभू निघाले! तो साहेब तासभर फोनच्या जाडीवर आणि रंगावर बोलला. ऑफिसात सनयांवर सनया. रिसेप्शनवरच्या भार्गवीला तर तीनदा ओळ लागली. सरांचा तक्ता कोरा. ते आधी हसत होते, मग पिझ्झा खायचे थांबले, मग माझ्याकडे बघायला लागले.

भाषण संपलं आणि सर आभार मानायला उठले. सवयीनं ‘जर्नी’ म्हणाले, थबकले, फोनकडे बघितलं आणि बोट ठेवलं. मग जी गाडी सुटली! ‘इकोसिस्टम’ झालं, ‘फॅमिली’ झालं, शेवटच्या ओळीत फक्त मी उरलो. आता नुसतं नाव घेऊन खाली कसं बसणार, वाक्य तर पुरं करायला हवं. “आणि आपला तनय...” सर म्हणाले. सनई वाजली, टाळ्या पडल्या, आणि त्या भरात त्यांनी पुढे जोडलं, “ही इज परमनंट, सरी ना?” (‘सरी ना’ म्हणजे कानडीत ‘बरोबर ना’). तेव्हा मी कायम झालो असंच समज. पेढे वाटायला हरकत नाही.

तुझा लाडका भाचा,
तनय

ता.क. पेढे जरा थांबव. नेमणुकीचं पत्र अजून हातात आलेलं नाही.

ता.क. २. त्या पत्रावर सरांचे भागीदार त्रिविक्रमसर यांचीही सही लागते. पुढच्या शनिवारी दोघंही बिंगो खेळणार आहेत, आणि हरणं दोघांनाही सोसत नाही. आमदारांच्या सौ. आणि महापौरांच्या सौ. एकाच दिवशी आल्या होत्या तेव्हा दोघींनाही पहिली ओळ कशी लावलीस, हे तू फोनवर काही सांगायची नाहीस. म्हणून शुक्रवारचं तिकीट सोबत जोडलंय. येच गं.