घर आधीचे की मनोरा आधीचा

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय, बांधकाम विभाग, पहिला मजला.

विषय : घर क्रमांक सतरा हे विजेच्या मनोऱ्यानंतर बांधल्याची नोंद दुरुस्त करणे, ते न जमल्यास अन्य नोंद करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार, दि. ९ जानेवारी. २) आपले उत्तर, दि. २ फेब्रुवारी. ३) आपली नोटीस, दि. ११ मार्च.

महोदय,

१. अर्जदार व्यवसायाने शिंपी असून गेली एकतीस वर्षे सदर घरात आई व पत्नीसह राहतो. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर, त्यामागे अंगण, एवढाच पसारा. डिसेंबरात उच्चदाब वीजवाहिनीची माणसे आली आणि हा हा म्हणता मनोरा उभा राहिला. त्याचे दोन पाय अर्जदाराच्या अंगणात व दोन पलीकडच्या पडीक जागेत आहेत. अर्जदाराने विचारणा करता मुकादम म्हणाला, "काका, हलवायचा असेल तर नगरपालिकेचा कागद आणा. आम्ही नुसते नट आवळणारे."

२. त्यानुसार अर्जदाराने मनोरा हलवावा अशी तक्रार दिली. खिडकीवरील लिपिकाने "कागद जास्त, तेवढं वजन जास्त" असा सल्ला दिल्याने घराचे झाडून सारे कागद सोबत जोडले. उत्तर आले, की वीजवाहिनी हा वरिष्ठ शासनाचा विषय असून "मनोऱ्यास अथवा त्याच्या कोणत्याही भागास हात लावण्याचा अधिकार नगरपालिकेस नाही." गावात नगरपालिका पाडू शकत नाही असे काहीतरी आहे, हे वाचून अर्जदारास त्या दुःखातही नवल वाटले.

३. तथापि ११ मार्चच्या नोटिशीत, अर्जदाराने अगोदरच उभ्या असलेल्या मनोऱ्यालगत विनापरवाना घर बांधले असून ते तीस दिवसांत काढून घ्यावे, असे फर्मावले आहे. चौकशीअंती समजले ते असे. आपल्या कार्यालयात बांधकामाचे वय त्याच्या कागदांच्या आवक क्रमांकावरून धरतात. मनोऱ्याचा क्रमांक चारशे बारा. घराचे जुने रजिस्टर तीन वर्षांपूर्वी बांधणीला गेले ते परतलेले नाही. तक्रारीसोबत जोडलेल्या कागदांना मात्र सहाशे अठरा क्रमांक पडला. कागदांवर एकतीस वर्षांपूर्वीची तारीख आहे, हे दाखवताच लिपिक म्हणाले, "तारीख लोक घालतात, आकडा आम्ही घालतो. चारशे बारा आधी की सहाशे अठरा? तुम्हीच सांगा." अर्जदारास चारशे बारा असेच सांगावे लागले. सबब, मनोऱ्याविरुद्ध तक्रार करून अर्जदारानेच ९ जानेवारीस आपले घर बांधले, हे सिद्ध झाले.

४. मोजणीस आलेल्या ओव्हरसियरसाहेबांची टेप गंजून अडकली होती. त्यांनी अर्जदाराची शिवणकामाची टेप मागून घेतली व "जरा ताणून धरा" असे सांगितले. मनोऱ्याचा पाय ते स्वयंपाकघराची भिंत, दोन फूट चार इंच. घर पाडण्यासाठीच्या मापाचे एक टोक अर्जदाराच्याच हातात होते. तेव्हापासून पत्नी म्हणते, "दुसऱ्यांचं शिवता शिवता आपलंच उसवून बसलात." ब्याऐंशी वर्षांच्या आईस नोटीस वाचून दाखवली. ती म्हणाली, "घर जानेवारीत बांधलं? मग तुझ्या बायकोनं माप ओलांडलं ते कुठल्या उंबऱ्यावर?" याचे उत्तर कार्यालयाकडे असल्यास कळवावे.

५. रजिस्टरात खाडाखोड करणे गुन्हा आहे, असे लिपिकांनी बजावले असल्याने अर्जदार तो हट्ट सोडत आहे. मुदत १० एप्रिलला संपते. मनोऱ्याची जमिनीत जाणारी लोखंडी पट्टी कामगारांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळे ठोकून नेली आहे. धोक्याची पाटी जागेअभावी घराच्याच दारावर लावली आहे. ती वाचून गिऱ्हाईक माप न देताच परत फिरते. वस्तुस्थिती अशी असताना सदर घर हे मनोऱ्याचा पाचवा पाय आहे, अशी नोंद व्हावी, ही विनंती. म्हणजे संदर्भ दोननुसार त्यास हात लावण्याचा अधिकार आपणांस राहणार नाही व आपलाही त्रास वाचेल. घरास चंदेरी रंग देण्याची अर्जदाराची तयारी आहे. पायात राहण्यास पत्नीची हरकत नाही. पायाला खिडकी असावी, एवढीच आईची अट आहे.

आपला नम्र व अद्याप छपराखाली असलेला,
(सही)
शिंपी, घर क्रमांक सतरा
दि. २७ मार्च

सोबत :
१) आपल्या २ फेब्रुवारीच्या उत्तराची प्रत.
२) भिंतीवरील पट्टीचा फोटो.
३) घराचे कागद या वेळी मुद्दाम जोडलेले नाहीत.