घोटावड्याचा जपान

२ ऑगस्ट
नरहरीचा सूड घ्यायचा. ठरलं.
चुलतभाऊ आहे, म्हणून तर जास्तच. रस्त्याकडेचं वावर त्याने अमेरिकन कंपनीच्या गोडाऊनला भाड्याने दिलं. आता मोबाइलवर बटण दाबलं की दहा मिनिटांत तूरडाळ दारात. माझं किराणा दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. आज गिऱ्हाईक एकच, तेही सुट्टे मागायला आलेलं.

३ ऑगस्ट, दुपार
दुकानात बसून सायलीचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक चाळलं. जपानने दोनशे वर्षं परक्या व्यापाऱ्यांना जवळपास दार बंद ठेवलं होतं. मग १८५३ साली अमेरिकेचा कमोडोर पेरी काळ्या बोटी आणि तोफा घेऊन आला. म्हणाला, दार उघडा. अंगावर काटा आला. पेरी म्हणजे कंपनी, जपान म्हणजे मी. आणि पेरीला बोट बांधायला खुंटा देणारा तो नरहरी.
पुढचं पान उलटणार तेवढ्यात पोरगी पुस्तक घेऊन गेली. हरकत नाही, मुद्दा समजला.

६ ऑगस्ट
दुकानावर पाटी लावली: कंपनीच्या रायडरना प्रवेश नाही. हेमलता म्हणते, पोरं नुसतं पाणी मागतात. म्हटलं, पेरीनेही आधी पाणीच मागितलं असणार. बायकोला इतिहास कळत नाही. मागच्या दाराने तांब्या भरून देते.

१० ऑगस्ट
मंडळाची मीटिंग. अध्यक्ष मीच. यंदा जिवंत देखावा ‘काळ्या बोटी’. अख्ख्या गावासमोर नरहरीचं नाक कापायचं. शिवाय मांडव गोडाऊनच्या वाटेतच घालायचा. बघू बाइक कशा जातात.

१८ ऑगस्ट
तालीम. जपानी व्हायला कुणी तयार नाही. सगळ्यांना पेरी व्हायचंय, कारण त्याला टोपी आहे आणि तोफ आहे. शेवटी पेरीचं काम नरहरीने मागून घेतलं. लगेच दिलं. स्वतःच्या फजितीला स्वतःच्या पायांनी चालत आला. शोगुन, म्हणजे जपानचा कारभारी, मी.
सायली म्हणाली, “पप्पा, जपानने शेवटी तह केला. बंदरं उघडून दिली.” पुढच्या पानावर आहे म्हणे. सांगितलं, आपल्या देखाव्यात ते पान नाही. आपला शोगुन पेरीला हाकलतो.

२५ ऑगस्ट
मांडव उभा. बाइक अडल्या. विजय!
रायडर आता पार्सलं घेऊन पायी येतात आणि आमच्या पायरीवर दम खातात. हेमलता त्यांना चहा करून देते. फुकट देत नाही, तेवढंच समाधान. किमोनो कुठेच मिळाला नाही. तिचा फुलाफुलांचा गाऊन घालणार आहे. लांबून समजणार नाही.

३१ ऑगस्ट, रात्री
देखावा झाला. मुळशी तालुका जमलेला. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. मग नरहरीने बोटीत हात घातला आणि लेकरांना बिस्किटांचे पुडे वाटायला लागला. कंपनीने दिलेले. म्हणे खऱ्या पेरीनेही जपानला भेटी दिल्या होत्या. ह्याने पुढचं पान कधी वाचलं?
मी तोफेसमोर उभा राहून गरजलो की चालता हो. पुढच्या रांगेतून आवाज आला, “वाल्मीकभाऊ, ऱ्हाऊ द्या की त्याला. पुडं संपू तरी द्या.” टाळ्या पडल्या. त्या मला होत्या असं मानायला जागा आहे.

७ सप्टेंबर
काल विसर्जन. आज मांडव निघाला, वाट मोकळी. रायडर मात्र पायरीवरच. त्यांना चहाची सवय लागलीय. हेमलताने किराण्याची पोती मागे सरकवून पुढे शेगडी मांडली. मला विचारलं नाही. तात्पुरतं आहे. मी फक्त आलं कुटतो.

९ सप्टेंबर
आज संधी आली. नरहरी चहाला आला. हेमलता आत होती, चहा मीच केला. सगळ्यांच्या कपात साखर, त्याच्यात एक चमचाही नाही. महिनाभर मनात धरलेला सूड अखेर उगवला.
त्याने घोट घेतला. माझ्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, “माजी शुगर वाढलीया. घरात बी कुनी ध्यानात ठिवत न्हाई. तू ठिवलंस.”
उद्यापासून रोज दोनदा येणार आहे.