मेलेल्यांनी साखर खाल्ली

८ सप्टेंबर २०२५

आलेख चढला. पाच मिनिटांत सरळ वर, मग सपाट — म्हणजे पोट भरलं. सत्तर अंशाच्या पाण्यात बसून माझे जंतू साखर आत घेतात. भैरवगढला कापड रंगवायच्या कढईच्या बुडाशी साठलेला गाळ बरणीत घालून आणला होता, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा तिथला रंगरेज म्हणाला होता, "मैडम, इसमें कुछ नहीं बचता, सब उबल जाता है." उद्या जाऊन त्याला आलेख दाखवावासा वाटतोय.

१० सप्टेंबर

मेलेल्यांनीही खाल्ली.

११ सप्टेंबर

काल लिहवेना. आज लिहिते.

साखर खरंच आत गेली, की नुसती अंगाला चिकटली, हे ठरवायचं तर मेलेले जंतू घेऊन तोच प्रयोग करायचा. पेशीच्या पातळ आवरणात साखरेसाठी दार असतं. दारावरचं प्रथिन साखर पकडतं, आत ढकलतं, आणि त्या ढकलण्याला शक्ती लागते. मेलेल्यात शक्ती कुठली? त्यांच्याकडे साखर जायलाच नको. गेली. जिवंतांइतकीच गेली. म्हणजे माझ्या जंतूंनी काही खाल्लेलं नाही. चहाच्या कपाला बाहेरून साखर लागावी, तसं झालंय.

गोपाळकृष्ण सर माझे मार्गदर्शक. तीस तारखेला निवृत्त होतात, त्याआधी प्रबंध द्यायचा. त्यांनी आलेख उलटा-सुलटा पाहिला. "जयू, चौथं प्रकरण काढून टाक."

"सर, चौथं गेलं तर उरतं काय?"

"तीन," सर म्हणाले. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, कचोरी मागवली.

सेहेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी. करायला निघालेल्या बाईने रडू नये. कचोरी खाल्ली.

१४ सप्टेंबर, रविवार

आज सासऱ्यांचं श्राद्ध. सकाळी सिद्धवटाला जाऊन आलो, ही गर्दी. गुरुजी आल्हादला म्हणाले, "भैया, पितर जो पाते हैं, वो दिखता नहीं, पर पहुँचता है." आल्हादने लगेच माझ्याकडे पाहिलं. परतताना स्कूटरवर सुरूच — "तुझं चुकलं कुठे? उज्जैनमध्ये मेलेले जेवतातच. तसंच लिहून टाक प्रबंधात."

"गाडी बघून चालव."

"संदर्भ म्हणून गुरुजींचा मोबाइल नंबर देतो."

हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा. नवरा बँकेत आहे, त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, पण मला कुठे दुखतंय ते कळतं.

खीर, भरड्याचे वडे, आमसुलाची चटणी. वडे छान झाले होते. कावळाही लगेच शिवला.

१५ सप्टेंबर

तीन प्रकरणं वाचून काढली. बारीक आहेत. चौथ्याशिवाय ती माझ्या कामासारखी दिसतच नाहीत, कुणाच्याही कामासारखी दिसतात.

१७ सप्टेंबर

संध्याकाळी आल्हादच्या आई लसूण सोलत होत्या. वय चौऱ्याहत्तर, पण घरात काय शिजतंय आणि कोणाच्या मनात काय शिजतंय, दोन्ही त्यांना माहीत.

"किती दिवस तोंड पाडून बसशील गं? काय झालं त्या किड्यांचं?"

किडे नव्हेत, म्हटलं. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकच विचारलं, "मारलंस कसं त्यांना?"

"गरम पाण्यात. ऐंशी अंशाला दहा मिनिटं."

अठरा वर्षं वर्गात मुलींना हेच शिकवते. नेहमीचे जंतू ऐंशीला दहा मिनिटांत मरतात. हात आपोआप तिकडेच जातो, विचार करायला थांबत नाही.

"आणि राहतात कितीत?"

"सत्तर."

आईंनी पाकळी खाली ठेवली. "म्हणजे अंघोळ घातलीस."

गॅसवर दूध उतू गेलं, दोघींनाही कळलं नाही.

१८ सप्टेंबर

आठलाच लॅब. त्या 'मेलेल्यां'चा थेंब प्लेटवर पसरून सत्तरला ठेवला, उगवतात का बघायला. दुसरी नळी थेट ऑटोक्लेव्हमध्ये — एकशे एकवीस अंश, वर वाफेचा दाब. त्यातून कोणी उठत नाही. त्यांना उद्या साखर देणार. सरांना काही सांगितलं नाही.

१९ सप्टेंबर

मेलेले उगवलेत, प्लेटभर. ऑटोक्लेव्हवाल्यांनी साखरेला हात लावला नाही.

चौथं प्रकरण प्रबंधात राहतंय.